पुस्तके बांधता बांधता

मुलांनो, संध्याकाळी अंधार पडला की तुम्ही भिंतीवरचे बटण दाबता आणि दिवा लागतो. उकाडा वाढला की पंखा सुरू करता. ही वीज कोठून येते? ती विद्युत केंद्रातून येते. तेथे मोठमोठी जनित्रे असतात. जनित्रात चुंबक असतात आणि तारांची वेटोळी असतात. चुंबक आणि तार यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरत राहिले, की तारेत वीज निर्माण होते. ही गोष्ट १८३१ साली लंडन शहरात एका माणसाने प्रयोग करून दाखवली. त्या माणसाचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडे हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ म्हणजे मोठ्या विद्यापीठात शिकलेला असणार, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. त्यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही. तेराव्या वर्षी ते नोकरीला लागले. पुस्तके बांधणे हा त्यांचा धंदा होता. आपण उर्दूत ज्याला जिल्दसाज म्हणतो, ते काम ते करीत होते. गणित तर त्यांना शेवटपर्यंत फारसे आले नाही. मग ते शिकले कोठे? कोणी शिकवले त्यांना? आजच्या पाठात आपण हेच पाहणार आहोत.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन या भागात झाला. वडील जेम्स हे लोहार होते. काम कष्टाचे आणि प्रकृती नाजूक. कधी कामावर जाता येई, कधी अंथरुणावर पडून राहावे लागे. घरात चार मुले. पुढे हे कुटुंब लंडनमध्ये एका बोळात राहायला आले. खाली घोडागाड्या ठेवण्याची जागा आणि वर यांच्या खोल्या. १८०१ साली धान्य फार महाग झाले. त्या दिवसांत मायकेलला पावाची एक लादी मिळे आणि ती आठवडाभर पुरवावी लागे. आई मार्गारेट मात्र धीराची होती. मुलांचे कपडे, घराची स्वच्छता आणि त्यांचे वागणे यांत तिने काही कमी पडू दिले नाही.

शाळेत मायकेल वाचायला, लिहायला आणि थोडी आकडेमोड करायला शिकला. त्याचे शालेय शिक्षण एवढेच. १८०४ साली तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. काम होते निरोप पोहोचवण्याचे आणि वर्तमानपत्रे वाटण्याचे. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे. म्हणून रीबो ते लोकांना थोड्या वेळापुरते वाचायला देत. मायकेल एका घरी वर्तमानपत्र नेऊन देई. त्यांचे वाचून झाले की ते परत घेऊन दुसऱ्या घरी पोहोचवी. पोऱ्याचे काम ते! पण त्याने ते वर्षभर इतके चोख केले, की १८०५ साली रीबोंनी त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी उमेदवार म्हणून ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकाला पैसे द्यावे लागत. रीबोंनी ते पैसे घेतले नाहीत. मायकेलचा प्रामाणिकपणा हीच त्याची फी ठरली.

आता सात वर्षे येथेच काढायची होती. छापलेले कागद घडी घालायचे, दोऱ्याने शिवायचे, कडा कापायच्या, सरस लावायचा, पुठ्ठा आणि चामडे चढवायचे. दिवसभर हेच काम. अशा दुकानात अनेक मुले काम करीत असतील. त्यांच्या हातांखालून शेकडो पुस्तके गेली असतील. मायकेलच्या हातांखालूनही गेली. फरक एवढाच, की पुस्तक बांधून झाल्यावर ते आत काय सांगते, हे पाहण्याची त्याला ओढ होती. रीबो भले गृहस्थ होते. काम संपल्यावर मुलाने पुस्तक वाचले तर ते रागावत नसत. उलट त्यांना कौतुक वाटे.

एके दिवशी बांधणीसाठी ब्रिटानिका या ज्ञानकोशाचा एक खंड आला. त्यात विजेवर एक मोठा लेख होता. मायकेलने तो लक्ष देऊन वाचला. दुसरे एक पुस्तक रसायनशास्त्रावरचे होते. जेन मार्सेट या विदुषीने ते १८०६ साली प्रसिद्ध केले होते. त्यावर तिचे नावसुद्धा छापलेले नव्हते. एक शिक्षिका दोन मुलींशी गप्पा मारता मारता त्यांना रसायनशास्त्र शिकवते, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. मुलींनो, तुम्ही हे लक्षात ठेवा. एका स्त्रीने लिहिलेले पुस्तक गरीब लोहाराच्या मुलाच्या हाती पडले आणि त्याला विज्ञानाची वाट सापडली. पुढे मोठे झाल्यावरही फॅरडे तिला आपली पहिली गुरू मानत आणि आपले लेख तिच्याकडे पाठवीत.

पण नुसते वाचून मायकेल थांबला नाही. पुस्तकात लिहिले आहे ते खरे आहे का, हे तो करून पाही. त्यासाठी लागणारे सामान फार थोडे होते. आठवड्याला हाताशी उरणाऱ्या काही पेन्यांत जेवढी रसायने येतील तेवढी तो आणी. एक काचेची बाटली आणि काही लाकडी तुकडे घेऊन त्याने घर्षणाने वीज तयार करण्याचे छोटे यंत्र बनवले. पुस्तकातले विधान आणि हातातला प्रयोग जुळले, की मगच त्याचे समाधान होई. ही सवय त्याला जन्मभर राहिली. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिल्याशिवाय ती आपली झाली, असे त्याला वाटतच नसे.

याच काळात आयझॅक वॉट्स या लेखकाचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. मन कसे घडवावे, हा त्या पुस्तकाचा विषय. त्यातला उपदेश साधा होता. वाचलेले आणि पाहिलेले वहीत लिहून ठेवावे. जाणकारांची व्याख्याने ऐकावीत. आपल्यासारख्याच शिकू पाहणाऱ्या मित्रांशी चर्चा करावी, त्यांना पत्रे लिहावीत. शब्द नेमके वापरावेत आणि घाईने मत बनवू नये. असा उपदेश आपण सगळेच ऐकतो आणि विसरतो. मायकेलने त्यातली एकेक गोष्ट अमलात आणली.

त्याने एक वही केली आणि वर्तमानपत्रांत, मासिकांत विज्ञानाविषयी जे काही येई ते तीत टिपून ठेवायला सुरुवात केली. लंडनमध्ये टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर संध्याकाळची व्याख्याने देत. प्रवेश फी एक शिलिंग. उमेदवार मुलाकडे शिलिंग कोठून येणार? ते त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारकाम करीत होता. १८१० साली वडील वारले. घर चालवण्याची जबाबदारी भावावर आणि आईवर आली. तरीही धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी रॉबर्टने आपल्या घामाच्या पैशातून शिलिंग काढून दिला. फॅरडे एकटेच मोठे झाले नाहीत. त्यांना पुढे ढकलणारे असे काही हात त्यांच्या पाठीशी होते.

व्याख्यानात यंत्रांच्या आकृत्या काढाव्या लागत. मायकेलला चित्र काढता येत नव्हते. रीबोंच्या घरात एक फ्रेंच चित्रकार भाड्याने राहत असे. मायकेलने त्याच्याकडून चित्रकला शिकून घेतली आणि मोबदला म्हणून त्याची खोली झाडली, त्याच्या बुटांना पॉलिश केले. टेटम यांच्याकडे येणाऱ्या तरुणांत त्याला ॲबट नावाचा मित्र मिळाला. ॲबटचे शिक्षण त्याच्यापेक्षा बरे झाले होते. आपले इंग्रजी कच्चे आहे, स्पेलिंग आणि विरामचिन्हे चुकतात, हे मायकेलला ठाऊक होते. म्हणून तो ॲबटला लांब लांब पत्रे लिही. त्यातून विचारही नीट मांडता येऊ लागले आणि भाषाही सुधारली. मुलांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. मराठी लिहिताना तुमचे ऱ्हस्व-दीर्घ चुकते, लिंग चुकते. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? फॅरडेंची तर मातृभाषाच इंग्रजी होती. तरी त्यांना ती प्रयत्नाने शिकावी लागली.

१८१२ साली उमेदवारीचे शेवटचे वर्ष आले. रीबोंच्या दुकानात येणारे एक गिऱ्हाईक, विल्यम डान्स, हे रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेचे सभासद होते. त्यांनी मायकेलच्या वह्या पाहिल्या होत्या. त्यांनी त्याला त्या संस्थेतील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे सर्वांत प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चारही व्याख्याने जिवाचे कान करून ऐकली. घरी येऊन ती सविस्तर लिहून काढली, त्यांत आकृत्या काढल्या, आणि मग आपल्या हातांनी त्या सगळ्या पानांचे पुस्तक बांधले. ते सुमारे तीनशे पानांचे झाले.

ऑक्टोबर १८१२ मध्ये उमेदवारी संपली. तो आता पुरा कारागीर झाला होता. दुसऱ्या एका मालकाकडे त्याला कामही मिळाले. पोटापाण्याची सोय झाली होती, पण मन कोठे लागत नव्हते. त्याला विज्ञानाचे काम करायचे होते, मग ते कितीही हलके असो. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग डिसेंबरमध्ये त्याने डेव्हींना पत्र लिहिले आणि सोबत ते हाताने बांधलेले पुस्तक पाठवले.

मुलांनो, इथे जरा थांबा आणि विचार करा. त्या मुलाकडे पदवी नव्हती, कोणा बड्या माणसाची चिठ्ठी नव्हती. आपली लायकी सिद्ध करण्यासाठी त्याच्याकडे एकच गोष्ट होती, आपले काम. ऐकलेले समजले आहे, हे आतल्या लिखाणावरून दिसत होते. हाताला कसब आहे, हे बांधणीवरून दिसत होते. सात वर्षांची उमेदवारी आणि सात वर्षांचा अभ्यास, दोन्ही त्या एका पुस्तकात होते.

डेव्हींनी त्याला भेटायला बोलावले. पण सल्ला दिला तो असा, की विज्ञानात पैसा नाही, हातातला धंदा सोडू नये. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. मायकेल परत कामाला गेला. पुढे थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १८१३ मध्ये, संस्थेच्या प्रयोगशाळेतील मदतनिसाने मारामारी केली आणि त्याला काढून टाकण्यात आले. डेव्हींना तो बांधणीवाला तरुण आठवला. १ मार्च १८१३ रोजी मायकेलची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार, राहायला माडीवरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

काम काय होते? बाटल्या धुणे, उपकरणे पुसणे, व्याख्यानाच्या वेळी सामान मांडून ठेवणे. चांगला शिकलेला कारागीर बाटल्या धुवायला गेला, असे लोकांना वाटले असेल. पण धुतलेल्या बाटलीत आज काय होते आणि उद्या काय भरायचे आहे, हे पाहण्याची संधी त्याला मिळत होती. डेव्ही स्फोटक रसायनांवर प्रयोग करीत. एकदा नव्हे, अनेकदा स्फोट झाले. काच फुटून दोघेही जखमी झाले. मायकेलने काम सोडले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पती-पत्नी युरोपच्या प्रवासाला निघाले. मायकेलला सोबत घेतले. तो प्रयोगातला मदतनीस म्हणून गेला होता. पण डेव्हींचा नोकर ऐन वेळी आला नाही, म्हणून ते कामही मायकेलवर पडले. डेव्हींची पत्नी त्याला नोकरासारखेच वागवी. जेवायलाही त्याला नोकरांबरोबर बसावे लागे. हा अपमान त्याला फार लागला. सगळे सोडून घरी परतावे आणि पुन्हा पुस्तके बांधावीत, असे त्याच्या मनात आले. घरच्या पत्रांतून त्याची व्यथा दिसते.

तो परतला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. पण त्याने दुसरी बाजूही पाहिली. पॅरिसमध्ये अँपिअर यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटत होते. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने उन्हाचे किरण एकवटून डेव्हींनी हिरा जाळला आणि तो कार्बनच असतो हे दाखवले, तेव्हा मायकेल शेजारी उभा होता. मिलानमध्ये विजेची बॅटरी शोधणारे वृद्ध व्होल्टा भेटले. मायकेल फ्रेंच शिकला, इटालियन शिकला आणि रोजनिशी लिहीत राहिला. अपमान गिळणे चांगले, असे मी तुम्हांला सांगणार नाही. पण जेथे अपमान होतो तेथून शिकण्यासारखे काही उरले आहे का, हे पाहून मगच पाऊल उचलावे, एवढे या प्रसंगातून घेण्यासारखे आहे. एप्रिल १८१५ मध्ये ते लंडनला परतले. दीड वर्षाचा हा प्रवास हेच मायकेलचे विद्यापीठ झाले.

यापुढे आपण त्यांना फॅरडे म्हणू. १८१६ साली त्यांचे पहिले व्याख्यान झाले आणि पहिला लेख प्रसिद्ध झाला. पण आपल्याला चांगले बोलता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १८१८ साली त्यांनी पैसे देऊन वक्तृत्वाचे धडे घेतले. एका मित्राला त्यांनी मुद्दाम आपल्या व्याख्यानाला बसवले. बोलण्यातल्या चुका टिपून ठेवणे हे त्याचे काम. बोलता बोलता गती वाढते, हा आपला दोष त्यांना ठाऊक होता. म्हणून सावकाश असे लिहिलेले कार्ड वेळेवर समोर ठेवायला ते आपल्या मदतनिसाला सांगत. आपले दोष दुसऱ्याने दाखवले की आपल्याला राग येतो. फॅरडेंनी तर दोष दाखवण्यासाठी माणूसच नेमला!

त्याचे फळ पुढे दिसले. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली मुलांसाठी नाताळच्या सुटीतील व्याख्याने सुरू झाली. फॅरडेंनी स्वतः अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली मेणबत्तीवरची माला फार गाजली. एक साधी जळती मेणबत्ती घेऊन त्यांनी मुलांना हवा, पाणी, ज्वलन आणि श्वास यांचे विज्ञान समजावून दिले. १८६१ साली त्याचे पुस्तक निघाले आणि ते आजही वाचले जाते.

१८२१ साली त्यांचा सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरते, हे त्यांनी दाखवले. विजेच्या मोटारीचे हे अगदी पहिले रूप. तुमच्या डोक्यावरचा पंखा त्याच तत्त्वावर फिरतो. पण या यशाबरोबर दुःखही आले. वुलस्टन नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ याच विषयावर विचार करीत होते. फॅरडेंनी आपल्या लेखात त्यांचा उल्लेख केला नव्हता. त्यामुळे कल्पना चोरल्याचा आरोप लोक करू लागले. फॅरडेंनी वुलस्टन यांना स्वतः भेटून खुलासा केला. पुढे १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडेंचे नाव आले, तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. शिष्य गुरूच्या पुढे जाऊ लागला होता. मतदान झाले, त्यात फक्त एकच मत विरुद्ध पडले आणि फॅरडे निवडून आले. डेव्हींनी आपल्यासाठी जे केले ते मात्र फॅरडे कधी विसरले नाहीत. त्यांच्याविषयी ते आदरानेच बोलत.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळू. विजेपासून चुंबकत्व मिळते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० साली दाखवले होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न फॅरडेंनी १८२२ साली आपल्या वहीत लिहून ठेवला. त्यानंतर अधूनमधून प्रयोग केले. काहीच हाती लागले नाही. मधली काही वर्षे तर दुर्बिणीसाठी चांगली काच बनवण्याच्या कामात गेली. संस्थेने सोपवलेले हे काम किचकट आणि कंटाळवाणे होते. इतकी वर्षे भट्टीसमोर घालवूनही हवी तशी काच मिळाली नाही.

१८३१ साली ते काम सुटले आणि फॅरडे पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळले. २९ ऑगस्ट रोजी त्यांनी सुमारे सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तार गुंडाळली, दुसऱ्या बाजूला वेगळी तार गुंडाळली. पहिली तार बॅटरीला जोडायची होती. दुसऱ्या तारेजवळ चुंबकसूची होती. बॅटरी जोडली आणि सूची हलली! पण क्षणभरच. प्रवाह चालू असताना ती पुन्हा स्थिर झाली. बॅटरी तोडली, तेव्हा पुन्हा क्षणभर हलली. एवढीशी हालचाल दुसऱ्या कोणाच्या नजरेतून सुटली असती, किंवा प्रयोग फसला असे वाटले असते. फॅरडेंना त्यात उत्तर दिसले. चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला आणि वीज मिळवली. मग मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सतत वाहणारी वीज मिळवली. हेच पहिले जनित्र. वहीत प्रश्न लिहिला त्याला नऊ वर्षे झाली होती.

आणि त्या फसलेल्या काचेचे काय झाले? फॅरडेंनी तिचे तुकडे जपून ठेवले होते. १३ सप्टेंबर १८४५ रोजी चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो का, हे ते तपासत होते. अनेक पदार्थ वापरून पाहिले, काहीच दिसेना. शेवटी ती जुनी जड काच चुंबकाजवळ ठेवली आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशात बदल दिसला. पंधरा वर्षांपूर्वी वाया गेलेले कष्ट त्या दिवशी कामी आले.

गणिताची उणीव मात्र राहिली. चुंबकाभोवती लोहकण पसरले की वक्र रेषा दिसतात, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल. या रेषांवरून फॅरडेंनी चुंबकीय बलाचा नवा विचार मांडला. पण तो त्यांना गणिताच्या भाषेत लिहिता येईना. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने ते काम केले. १८५७ साली सहासष्ट वर्षांच्या फॅरडेंनी सव्वीस वर्षांच्या मॅक्सवेलना पत्र लिहून, गणिताने निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येतील का, असे विचारले. वयाने चाळीस वर्षांनी लहान माणसाला विचारताना त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला जे येत नाही ते येत नाही असे सांगायचे आणि ज्याला येते त्याला विचारायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड हे शब्द तुम्ही विज्ञानात शिकता. तेही त्यांनी व्ह्यूएल नावाच्या भाषा जाणणाऱ्या विद्वानाला विचारूनच रूढ केले.

उतारवयात त्यांची स्मरणशक्ती कमी होत गेली. विद्वान माणसाला याहून मोठे दुःख कोणते? पण येथेही लहानपणीची सवय उपयोगी पडली. प्रत्येक प्रयोग ते वहीत लिहून ठेवत. १८३२ पासून तर ते प्रत्येक नोंदीला क्रमांक घालत आणि हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. त्यांत जमलेल्या प्रयोगांइतक्याच प्रामाणिकपणे फसलेले प्रयोगही लिहिलेले आहेत. जे डोक्यात राहत नसे, ते वहीत सापडे.

मानमरातब त्यांना नको होता. सर ही पदवी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले, तेही दोनदा नाकारले. कारखानदारांना सल्ला देऊन त्यांना भरपूर पैसा मिळवता आला असता, पण संशोधनाचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी ते काम सोडून दिले. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्यावरच्या साध्या दगडावर त्यांचे नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी शाळा सुटल्यावर वडिलांच्या दुकानात बसत असेल, कोणी घरी लहान भावंडांना सांभाळत असेल, शिवणकाम करीत असेल. अभ्यासाला वेळ मिळत नाही, पुस्तके नाहीत, शिकवणी नाही, अशी तुमची तक्रार असेल. ती खोटी नाही. गरिबी मुलांचा वेळ खाते, हे खरेच आहे. फॅरडेंचाही खाल्ला. म्हणून तुम्हांला मिळणारे शिक्षण सोडू नका. ते पूर्ण करा. पण शाळेबाहेरच्या वेळेतही डोळे उघडे ठेवा. दुकानात हिशेब असतो, शिवणयंत्रात चाके आणि दांडे असतात, स्वयंपाकघरात उष्णता आणि वाफ असते. जे काम हातात आहे ते असे का होते, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आज घरी गेल्यावर एक काम करा. जुन्या वह्यांची कोरी पाने काढा, ती एकावर एक ठेवा, सुईदोऱ्याने शिवा आणि वर पुठ्ठा चिकटवा. तुमची स्वतःची वही तयार होईल. रोज तीत एकच गोष्ट लिहा. आज पाहिलेली, ऐकलेली किंवा न समजलेली. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. पहिल्या नोंदीला एक क्रमांक घालायला मात्र विसरू नका.